चांद्या बैल माझ्याच टोपल्याकडे का आला

"आता तरी खरं सांगा," मी म्हटलं. हे ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात खाटेवर पडले होते, नाकात नळी, हाताला सुई. "त्या दिवशी बैल तुम्ही मुद्दाम सोडला होता का नाही?" ह्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि ओठाच्या कोपऱ्यात ते जुनं हसू आलं, ज्याच्यावर मी जन्मभर विश्वास ठेवला नाही. "तुले काय वाटते?" एवढंच म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, बरं, झोपा आता, उद्या पाहते तुमच्याकडे. मुलाने मला आग्रहाने नागभीडला घरी पाठवलं. सकाळी चहाचं पातेलं चुलीवर होतं तेव्हा त्याचा फोन आला... त्याच्या नुसत्या "आई" म्हणण्यावरूनच मला कळलं. आता महिना होत आला. लोक भेटायला येतात, शामराव म्हणजे देवमाणूस असं म्हणतात, मी मान हलवते. पण मला राग येतो हो. जन्मभर एकच प्रश्न विचारला या माणसाला, आणि जाताना उलट मलाच विचारून गेला!

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. प्राथमिक शाळेत मास्तरीण होते. पोटात दुखतंय म्हणणाऱ्या पोराचं पोट आधी मी दाबून पाहायची, मग घरी सोडायची. दूधवाल्याचं माप, जावयाची गोड भाषा, भेटायला आलेल्यांचे ओले डोळे, सगळं मी एकदा उलटंपालटं करून पाहते. हे म्हणायचे, "अवं, तू तर देवळात गेली तरी देवाले हात लावून पाह्यशीन, दगडाचा हाय का मातीचा." पण हा स्वभाव मला जन्मापासून नव्हता. तो मला ह्यांच्यामुळे लागला, आणि तोही एका सिनेमाच्या पहिल्या रिळापायी.

पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे ही. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदा जिल्हाच होता. धान कापून, चुरून-मळून घरात आलं की आमच्या भागात टुरिंग टॉकीज यायची. गिरणीमागच्या धानाच्या रिकाम्या वाफ्यांत, आमच्याकडच्या बांध्यांत, तंबू ठोकायचे, इंजिन धडधडायचं, आणि दिवसभर एक बैलगाडी गावोगाव फिरायची. गाडीच्या दोन्ही बाजूंना सिनेमाचे रंगीत फलक, वर कर्ण्यासारखा मोठा भोंगा, आणि आत माइक घेऊन बसलेला एक सडपातळ, कुरळ्या केसांचा माणूस. तेच आमचे हे. टॉकीजवाले त्यांना शामभाऊ म्हणत. काम एकच, लोकांना सिनेमाची गोष्ट सांगायची, पण फक्त सुरुवातीची. पहिलं दृश्य असं रंगवून सांगायचे की पोरं, बाया, म्हातारे गाडीभोवती गोळा व्हायचे, आणि ऐन रंगात आलं की माइक बंद. "पुढचं तंबूत!" म्हणून गाडी हाकायची. नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, कुरखेडा, सगळीकडे हाच धंदा. म्हणजे विचार करा, ज्या माणसाची भाकरीच सुरुवातीवर, त्याच्या सुरुवातीवर बायकोने विश्वास ठेवायचा तरी कसा?

आणि सुरुवातीचं ज्ञान तरी किती होतं! हसऱ्या प्रेमाच्या सिनेमावर ह्यांचा फार जीव. रडका सिनेमा असला की गाडीवर बसून नुसती वेळ सांगायचे, पण प्रेमाचा आणि हसायचा असला की अंगात यायचं. लग्नानंतर मला समजावून सांगत, "पाह्य, असल्या सिनेमात पहिल्यांदा दोघं भेटतात थे भांडाले. गोड बोलून भेटले त लोक म्हणतात, झालं, आता पाहाचं काय? आन् भांडताना काई त सांडलं पाह्यजे. दूध सांडो, रंग सांडो, धान सांडो. सांडलं का दोघाईले वाकाव लागते, आन् वाकले का तोंडासमोर तोंड येते." मी विचारायची, आणि आजूबाजूचे लोक? "लोक पाह्यजेतच. एकांतात भांडण झालं त दोघं आपापल्या घरी जातात. चार लोक हसले का भांडण गावाचं होते, मंग थे मिटवाव लागते." हे सगळं इतकं तयार होतं ह्यांच्या तोंडात, की माझ्या मनात पाल चुकचुकायचीच. कारण माझ्या बाबतीत अगदी असंच झालं होतं. भांडण झालं होतं, सांडलं होतं, आणि चार लोक नव्हे, अख्खा बाजार हसला होता.

मी तेव्हा सातवी पास होऊन घरी बसलेली पोट्टी. लाखोरीची, म्हणजे लाखेच्या डाळीच्या रोपाची, कोवळी भाजी खुडून नागभीडच्या आठवडी बाजारात विकायला नेत असे. त्या दिवशी टोपल्यात भाजी होती आणि भाजीच्या तळाशी फडक्यात बांधलेली वाळलेली मोहफुलं होती. आमचे बाबा माळकरी. मोह म्हटला की त्यांना दारूच दिसायची, घरात एक फूल येऊ द्यायचे नाहीत. पण मला मोहाचे लाडू फार आवडत, भाजलेला मोह आणि तीळ कुटून केलेले. बाजारात एक मावशी बसायची, तिला मोह नेऊन दिला की ती लाडू करून द्यायची. तेव्हा मी भाजीवर पाणी शिंपडत, साळसूदपणे बसलेली. समोर टॉकीजची गाडी उभी राहिली, गाडीवानाने बैल सोडले, शामभाऊंनी माइक हातात घेऊन घसा साफ केला... आणि त्यातला एक पांढरा बैल बायकांच्या रांगेतून सरळ चालत आला आणि त्याने माझ्या टोपल्यात नाकापर्यंत तोंड घातलं.

मी काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. आठवण्यासारखं नाहीच ते. "लाजा नाई वाटत, बैल मोकाट सोडून बसले? डोळे फुटले का तुमचे? रेडिओवानी नुसती बडबड करून राह्यले, आधी हा बैल आवरा! तुमच्या सिनेमाले लागली आग!" भीती मला भाजीची नव्हती. ते फडकं बैलाच्या तोंडात लोंबत होतं, आणि बाबा चार दुकानांपलीकडे धान्याच्या दुकानाशी उभे होते. फडकं ओढून ओटीत कोंबलं तेव्हा जिवात जीव आला, आणि मग तर मी जास्तच ओरडले. शामभाऊ गाडीतून उतरून भाजी गोळा करायला वाकले, माइक हातातच. तो सुरूच होता! माझा शब्द न् शब्द भोंग्यातून अख्ख्या बाजारात, गिरणीपर्यंत, रेल्वे स्टेशनापर्यंत गेला. लोक पोट धरून हसत होते. आणि ज्याच्या जिभेवर गावोगावची माणसं गोळा व्हायची, तो माणूस एक अक्षर बोलला नाही. माझ्याकडे पाहत राहिला, हातात चुरगळलेली भाजी धरून. पुढे कितीतरी वर्षं मला वाटे, केवढा पोचलेला हा! कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं, बरोब्बर कळतं याला.

त्या दिवशी तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती म्हणतात. टॉकीजच्या शेठने आमच्या घरी माणूस पाठवला, भाजीवाल्या पोरीने आईला घेऊन सिनेमाला यावं, दरवाजावर कोणी अडवणार नाही. बाबा भडकले, आईने त्यांची समजूत घातली, त्यात वेळ गेला आणि आम्ही पोचलो तोवर सुरुवात निघून गेली होती. पण आमच्या टॉकीजची एक रीत होती. खेड्यापाड्यांतून बैलगाड्या उशिरा येत, त्यांची सुरुवात बुडे. म्हणून सिनेमा संपला की पहिलं रीळ पुन्हा लावायचे. ज्यांनी पाहिलं ते उठून जात, ज्यांचं हुकलं ते बसून राहत. तेव्हा मी आणि आईने आधी लग्न पाहिलं आणि नंतर भांडण पाहिलं. हिरो रंगारी, गल्लीत शिडी लावून भिंत रंगवतो. हिरॉइन सायकलवर येते, शिडीवर आदळते, रंगाचा डबा तिच्या अंगावर. सुरुवातीला पाहिलं असतं तर मीही हसले असते. पण शेवट माहीत असल्यामुळे मी नीट पाहत होते, आणि मला दिसलं. सायकल यायच्या आधी हिरो गल्लीच्या तोंडाकडे पाहतो, शिडी उचलतो, आणि हातभर सरकवून वाटेत ठेवतो. मुद्दाम! मान वळवून पाहिलं तर तंबूच्या खांबाला टेकून शामभाऊ उभे, आणि पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

पुढच्या आठवड्यात ते लाखोरीच्या भाजीचं भरलेलं टोपलं डोक्यावर घेऊन आमच्या अंगणात आले. सांडलेल्या भाजीच्या बदल्यात म्हणे. बाबांनी त्यांना आत बोलावलं नाही, पण हाकलूनही दिलं नाही. कारण सरळ होतं. भोंग्यावर माझी जीभ साऱ्या गावाने ऐकली होती आणि जमत आलेल्या एका स्थळाकडून निरोप आला होता, पोरगी तोंडाची फटकळ दिसते, आम्हाला नको. "आता हिले करनार कोन?" बाबा आईला म्हणाले, तेही ह्यांना ऐकू जाईल असं. हे टोपलं खाली ठेवून म्हणाले, "मी करतो ना, बाबाजी." बाबांनी अट घातली, गावोगाव हिंडणं बंद, इथेच गिरणीवर काम धरायचं. ह्यांनी लगेच हो म्हटलं. शेठने निरोप देताना एक चेपलेला भोंगा दिला, तेवढा घेऊन हे नागभीडला राहिले. मी आनंदात होते, खोटं कशाला सांगू, माणूस मला आवडला होता. पण बोहल्यावरही डोक्यात ती शिडी होती. मला पाहून बैल सोडला असेल तर एक वेळ चालेल. पण गर्दी जमवायला सोडला असेल, आणि नेमकी मी समोर बसले होते म्हणून गळ्यात पडले असेन, तर?

लग्नाला काही वर्षं झाली असतील. कुरखेड्याकडे एका लग्नात जेवणाच्या पंगतीत एक बाई हसत म्हणाली, "तुमचे मालक त थे टॉकीजवाले ना? त्यायच्या बैलानं आमच्या काकूच्या टोपल्यात तोंड घातलं होतं भर बाजारात! कितीक हासलो होतो आमी." माझ्या हातातला घास हातात राहिला. आरमोरीची एक मास्तरीण बदलून आमच्या शाळेत आली, तिच्या आईच्याही टोपल्यात तोंड! मी घरी येऊन ह्यांना धारेवर धरलं. हे गिरणीतला कोंडा झटकत म्हणाले, "अवं, बैलाच्या जातीले टोपलं दिसलं का तो जाते." मी म्हटलं, बैल जातो की पाठवावा लागतो? त्यावर तेच हसू, आणि तेच वाक्य, "पयलं रीळ झालं ना, आता पुढचं पाह्य." पुढचं मी पाहिलंच. संसार चांगला झाला, उगीच नावं ठेवणार नाही. मला शिकवलं, मास्तरीण केलं, माझ्या आजारपणात भात टाकला, धुणी धुतली, कुणाच्या हसण्याला भीक घातली नाही. पण मन ऐकायचं नाही. चांगलं वागले की वाटे, काहीतरी लपवायचं असल्याशिवाय पुरुष माणूस धुणी धुतो का?

घरात टीव्ही आला तेव्हापासून ह्यांना एक खोड लागली. प्रेमाचा सिनेमा असला की सुरुवात चुकवायची नाही. चुकली तर सिनेमा पाहायचा नाही. पुढे नातवाने सिनेमा मागे फिरवायची सोय दाखवली, तर शेवट झाला की हे म्हणायचे, "लाव रे, पयलं रीळ पुन्हा लाव." मग आमचं भांडण ठरलेलं. मी हिरोकडे बोट दाखवायची, पाहा, हा आधीच दबा धरून उभा आहे, याचं सगळं ठरलेलं आहे. आणि हे हिरॉइनकडे बोट दाखवायचे. "थे सोड. हिच्याकडं पाह्य. त्या रंगाऱ्याच्या सिनेमात बी मी पाह्यलं होतं. शिडी त्यानं ठेवली, कबूल. पन पोट्टीनं बिरेक काऊन नाई दाबला?" मला वाटायचं, विषय बदलतात. चोराची जात, दुसऱ्याकडे बोट दाखवणारच. आणि मी उठून भाजी चिरायला जायची.

तेराव्यानंतर काही दिवसांनी एक म्हातारा काठी टेकत आला. आधी ओळखलं नाही. "मी मन्साराम," म्हणाला, "टॉकीजच्या गाडीवरचा गाडीवान." कुरखेड्याहून बसने आला होता. बराच वेळ ह्यांच्या फोटोसमोर बसला, डोळे पुसले. मी चहा दिला आणि त्याचा कप खाली जायच्या आधीच विचारलं, "मन्साराम भाऊ, आता तो माणूस गेला, कोणाचं काही बिघडत नाही. बैल मुद्दाम सोडत होते ना तुम्ही?"

म्हातारा गडबडला. मग म्हणाला, "हाव बाई. आता लपवून काय करू? सोडतच होतो." शेठचीच ती शक्कल होती. बाजारात गेलं की आधी एखादी म्हातारी भाजीवाली पटवायची, तिला संध्याकाळच्या खेळाला फुकट बसवू असं सांगायचं, आणि तिच्या भाजीखाली मूठभर मोहफुलं दडवायची. चांद्या बैल मोहाचा वेडा. दोर सैल सोडला की वास काढत बरोबर तिथे जायचा. म्हातारी ओरडायची, शामभाऊ माइकवर आपलं ठरलेलं बोलायचे, "मावशी, बैल माझा खट्याळ, पन सिनेमा त्याच्याहून खट्याळ!" लोक जमायचे, की गोष्ट सुरू. सगळ्या गावांत तेच. म्हणजे माझं खरं होतं. एवढी वर्षं मी म्हणत होते ते सगळं खरं होतं! खरं ठरल्याचा आनंद व्हायला हवा होता... पण मला रडूच आलं.

"तसं नाई बाई," मन्साराम घाईने म्हणाला. "आयका त. नागभीडले आमी पानठेल्यापाशी एक बुडी बसवली होती. मोह तिच्या टोपल्यात होता. चांद्या तिकडं गेलाच नाई. तो तुमच्याकडं काऊन गेला थे मले आजवर समजलं नाई. तुमच्या टोपल्यात त आमी काई ठेवलं नव्हतं. भाऊले त आपलं ठरलेलं बी बोलता आलं नाई, वाचाच बसली त्याची. माइक बंद कराचं बी भान राह्यलं नाई." मी त्याच्याकडे बघतच राहिले. तो सांगतच होता, "मी म्हनलं भाऊले, सांगून टाक ना एकदा बाईले. त भाऊ म्हने, मन्सा, बाकीचं समदं नाटक होतं हे सांगितलं, त तिचं तेवढं खरं होतं हे ती कायले मानन? तिचा सोभाव तुले मालूम नाई. आन् मागच्या दिवाळीत मंडईच्या जत्रंत भेटलो तवा बी तेच इचारत होता. म्हने, बैल तिच्याचकडं काऊन गेला रे? मले त संशय येते मन्सा, तिनंच त बोलावलं नसन त्याले? एकदा तिले इचारीन म्हनतो, पन हिंमत होत नाई."

पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं असेल? हेच, की या म्हाताऱ्यालाही ह्यांनी पढवून ठेवलं असेल. मेल्यावरही आपलं तेच खरं करायला. मी त्याचा चेहरा नीट पाहिला, सवयीने. पण मग माझ्या लक्षात आलं. पढवणार कुठून? चांद्या मोहाच्या वासावर जायचा, आणि माझ्या टोपल्यात मोह होता हे ह्यांना कधी माहीतच नव्हतं! बाबांच्या भीतीने मी ते फडकं लपवलं, बाबा गेले तरी कोणाला बोलले नाही, बोलण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नाही कधी. ह्यांच्याकडे मोहाची अर्धी गोष्ट, माझ्याकडे अर्धी, आणि एका घरात, एका ताटात जेवून दोघंही एकमेकांवर संशय घेत म्हातारे झालो. मी मन्सारामला काही सांगितलं नाही. त्याला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं होतं तो तिकडे खाटेवर डोळे उघडून मला विचारत होता, "तुले काय वाटते?" आणि मला वाटलं, टाळतो आहे. अहो, तो खरंच विचारत होता हो... हिंमत करून, शेवटी एकदाची.

मन्सारामला बसस्टँडवर पोचवायला मुलगा गेला आणि मी मागच्या सांदवाडीत, परसात आले. तिथे चुलीच्या भिंतीला तो चेपलेला भोंगा टांगलेला आहे, त्यात गवत घातलंय, त्यावर कोंबडी अंडी घालते. दर दिवाळीला हे तो उतरवायचे, राखेने घासायचे, पुन्हा टांगायचे. भंगारवाल्याला द्या म्हणून मी किती वेळा म्हटलं असेल. मी कोंबडीला हुसकून लावलं. आजूबाजूला कोणी नाही ना पाहिलं, ती सवय कुठे जाते? आणि भोंग्याजवळ तोंड नेलं. त्या दिवशी एवढ्या मोठ्याने बोलले होते, आज नुसती कुजबुजले. "मोहफुलं होती," मी म्हटलं. "माझ्याही टोपल्यात मोहफुलं होती. खाली, फडक्यात. मी नाही बोलावलं बैलाला, आणि तुम्ही नाही पाठवला. ऐकलंत का?"

भोंग्यातून काही आलं नाही. त्या दिवशीही मीच बोलत होते, आणि हे गप्प उभे होते.